क्रास्नोदार: वाण्याने काढलेला फुटबॉल क्लब 'खरा' मानायचा का?

उशिराचा_पास (धागाकर्ता) | गुरुवार, रात्री १०:४०

काल रात्री पॅरिसचा पीएसजी विरुद्ध ब्राझीलचा फ्लेमेंगो बघितलं का कुणी? इंटरकॉन्टिनेंटल कपची फायनल. १-१ बरोबरी, मग पेनल्टी, आणि पीएसजीच्या गोलकीपरने चार पेनल्ट्या अडवल्या. चार! मात्वेई साफोनोव. या माणसाला मी परवापर्यंत 'डोन्नारुम्मा असताना बाकावर बसायचा तो उंच रशियन' एवढंच ओळखत होतो.

मग आज खोदकाम केलं. हा ज्या अकादमीतून आला तो क्लब म्हणजे रशियातला एफसी क्रास्नोदार. स्थापना २२ फेब्रुवारी २००८. माझी पुतणी त्याच्यापेक्षा मोठी आहे आणि तिला अजून बारावीच्या फॉर्मवर सही कुठे करायची ते कळत नाही.

वर चढण्याची गोष्ट तर ऐकाच. पहिल्या वर्षी तिसऱ्या पायरीच्या लीगमध्ये दक्षिण गटात तिसरे आले, पण वर जागा रिकाम्या झाल्या म्हणून बढती. २०१० ला दुसऱ्या पायरीवर पाचवे आले. पाचवे! तेवढ्यात मॉस्कोजवळचा सातुर्न पैशाअभावी बुडाला, तिसऱ्या नंबरचा निझनी नोव्हगोरोद आणि चौथा कामाझ यांचं जमेना, आणि प्रीमियर लीगचं दार यांना उघडलं. दादरला मागच्या गर्दीने आपोआप डब्यात शिरतो ना आपण, तसं. पण आत शिरल्यावर मात्र जागा सोडली नाही. २०११ पासून एकदाही खाली उतरलेले नाहीत, आणि २४ मे २०२५ ला थेट लीग जिंकली. आजवर रशियन लीग जिंकणारा हा सातवाच क्लब.

मालक सर्गेई गालित्स्की. धंदा किराण्याचा, 'माग्नित' नावाच्या दुकानांची साखळी.

तर प्रश्न असा: ज्याला आजोबा-पणजोबा नाहीत, जो एका श्रीमंत माणसाच्या खिशातून निघाला, त्याला खरा क्लब म्हणायचं का? की ही नुसती महागडी हौस?

शांताबाईंचा_नातू | गुरुवार, रात्री १०:५२

आमच्या वाण्याने आजवर फक्त कॅलेंडर दिलंय. तेही फेब्रुवारीत.

पेठेतला_फॉरवर्ड | गुरुवार, रात्री ११:०५

खरा क्लब नव्हे. विषय संपला.

बरं, संपवत नाही, सांगतो. आमच्या कोल्हापुरात शाहू स्टेडियमला पाटाकडील विरुद्ध शिवाजी तरुण मंडळ मॅच असली की दुपारनंतर पेठेत माणूस सापडत नाही. कोण कुठल्या तालमीचा हे जन्माला यायच्या आधी ठरलेलं असतंय. घरात भांडण झालं तर पोरगं घर सोडेल, तालीम सोडणार नाही. ह्याला क्लब म्हणतात. उद्या एखाद्या मॉलवाल्याने येऊन हिरवी-काळी जर्सी वाटली आणि म्हणाला आजपासून हा तुमचा क्लब, तर पोरं जर्सी घेतील, घालून जनावरं धुवायला रंकाळ्यावर जातील, आणि मॅचला आपल्याच तालमीत येतील.

आकडेमोड | गुरुवार, रात्री ११:३१

@पेठेतला_फॉरवर्ड, भावनेचा मुद्दा मान्य. पण आधी रशियातली पैशाची तऱ्हा बघा, म्हणजे हा माणूस वेगळा का ते कळेल.

तिथे मोठे क्लब जवळजवळ सगळे सरकारी किंवा अर्धसरकारी पैशावर चालतात. झेनित गाझप्रॉम या गॅस कंपनीचा, लोकोमोतिव रेल्वेचा, डायनॅमो व्हीटीबी बँकेच्या छत्राखाली. गावोगावचे लहान क्लब त्या त्या प्रांताच्या अंदाजपत्रकातून. गव्हर्नर बदलला की क्लबचा पगार थांबतो. सातुर्नसारखे क्लब दरवर्षी का मरतात याचं उत्तर यात आहे.

गालित्स्कीने १९९० च्या दशकात घाऊक मालाचा धंदा सुरू केला, पहिलं माग्नित दुकान १९९८ ला क्रास्नोदारमध्येच. वीस वर्षांत दुकानं १६ हजारांच्या वर. फेब्रुवारी २०१८ मध्ये त्याने २९.१ टक्के हिस्सा व्हीटीबीला १३८ अब्ज रुबलना विकला, आणि आता फुटबॉल आणि अकादमीत लक्ष घालणार असं सांगितलं. स्टेडियमसुद्धा स्वतःच्या पैशाने, २०१३ ला काम सुरू, २०१६ ला उघडलं. सेंट पीटर्सबर्गचं सरकारी स्टेडियम २००७ ला सुरू झालं ते २०१७ ला उघडलं. आपल्याकडच्या उड्डाणपुलांशी तुलना करायचा मोह मी आवरतो.

अवांतर: २०२५ ला शेवटच्या सामन्यात क्रास्नोदारने ३-० ने हरवलं ते डायनॅमोला. म्हणजे ज्या बँकेला दुकानं विकली तिच्याच क्लबला हरवून विजेतेपद. हिशोब चुकता.

उशिराचा_पास | गुरुवार, रात्री ११:४०

अरे हो, आणि त्याच्या आदल्या वर्षीचं माहितीय? २५ मे २०२४, शेवटचा दिवस, डायनॅमो आघाडीवर, आणि सामना क्रास्नोदारमध्ये. क्रास्नोदारने १-० ने हरवलं. पण तिकडे झेनितने रोस्तोवला २-१ ने हरवून कप पळवला. झेनित ५७, क्रास्नोदार ५६, डायनॅमो ५६. डायनॅमोवाले या गावाचं नाव ऐकलं की पाणी पीत असतील.

म्हापशेकर | गुरुवार, रात्री ११:५८

तेल-पैशाच्या क्लबचं काय होतं ते अंझीत बघितलं बाबा. २०११ ला केरिमोव्ह या अब्जाधीशाने दागेस्तानचा तो क्लब घेतला, एटोला आणलं, रॉबेर्तो कार्लोसला आणलं, हिडिंकला आणलं. खेळाडू राहायचे आणि सराव करायचे मॉस्कोकडे, मॅचपुरते विमानाने माखाचकलाला! २०१३ च्या ऑगस्टात मालकाने हात आखडला, २०१४ ला संघ खाली, २०२२ ला क्लबच बंद. लोकांना वाटलेलं क्रास्नोदारचंही तेच होणार.

आमच्या गोंयात तर असले सोहळे कितीदा बघितले. नवीन जर्सी, बँड, मंत्री. दुसऱ्या वर्षी कोच पगारासाठी फोन करतोय आणि कोणी उचलत नाही.

मेघना_हँबर्ग | शुक्रवार, सकाळी ७:१४

मी फुटबॉलमधली तज्ज्ञ नाही, इमारतींमधली थोडी आहे, म्हणून एवढंच सांगते.

ते स्टेडियम बघाच. ३५ हजारांच्या आसपास आसनं, धावपट्टी नाही, त्यामुळे प्रेक्षक मैदानाला चिकटून. बाहेरून फिकट दगडाचं, कमानींसारखी उभी मांडणी, रोमच्या कोलोसियमची आठवण होते. आणि आत वरच्या कडेला सबंध वर्तुळभर फिरणारा पडदा, जिकडे बघाल तिकडे धावसंख्या... म्हणजे गोलसंख्या. (हसू नका.) आराखड्यात सर्गेई चोबान यांच्या 'स्पीच' या कार्यालयाचा हात आहे. शेजारची बाग मात्र आमच्या हँबर्गच्या जीएमपी या वास्तुकारांच्या कार्यालयाची, २०१७ ला उघडली. साधारण २३ हेक्टर.

मला त्यात आवडलेली गोष्ट म्हणजे बागेला तिकीट नाही. स्टेडियम सामन्याच्या दिवशीच जिवंत असतं, एरवी मेलेलं कुंपण. इथे कुंपणाच्या जागी बाग केली, त्यामुळे सामना नसला तरी माणसं आहेत. क्लबला गावात मुरवायचा हा फार हुशार मार्ग आहे, आणि तो पैशाइतकाच डोक्यातून आलाय.

एक दुःखद गंमत: २०१८ च्या विश्वचषकाची यजमान शहरं २०१२ मध्ये ठरली तेव्हा क्रास्नोदारला वगळलं. रशियातल्या सगळ्यात देखण्या स्टेडियमात विश्वचषकाचा एकही सामना झाला नाही.

शांताबाईंचा_नातू | शुक्रवार, सकाळी ९:०२

मेघनाताई, 'धावसंख्या' लिहिल्याबद्दल तुमचं भारतीय नागरिकत्व आपोआप नूतनीकृत झालेलं आहे.

कुबान_रिटर्न | शुक्रवार, दुपारी १:२०

हा धागा माझ्यासाठीच काढलाय असं वाटलं. मी क्रास्नोदारला सहा वर्षं काढली, २०१३ ते २०१९, मेडिकलसाठी. आता सांगलीजवळ प्रॅक्टिस करतो. मोठा प्रतिसाद आहे, चहा घेऊन बसा.

पहिली गोष्ट, गाव. आपल्या डोक्यात रशिया म्हणजे बर्फ. क्रास्नोदार दक्षिणेला, कुबान नदीच्या काठी, काळी माती, गहू आणि सूर्यफूल. मी पहिल्यांदा शेतं बघितली तेव्हा वाटलं लातूरकडे आलो की काय. उन्हाळ्यात घामाने शर्ट चिकटतो. गावाचं जुनं नाव येकातेरिनोदार, म्हणजे राणी कॅथरीनची देणगी. तिने कोसाक या घोडेस्वार लढवय्यांना ही जमीन दिली, १७९३ ला गाव वसलं. १९२० ला बोल्शेविकांनी राणी काढली आणि 'लाल' लावलं. क्रास्नोदार म्हणजे लाल देणगी. देणगी शब्द ठेवला, देणारा बदलला.

आणि मी पोचलो तेव्हा गावाचा क्लब हा नव्हताच. गावाचा क्लब होता कुबान. स्थापना १९२८, पिवळा-हिरवा. त्या वर्षी कुबान युरोपा लीगच्या गटात खेळत होता, व्हॅलेन्सिया आणि स्वान्सीबरोबर. दोन्ही क्लब एकाच कुबान स्टेडियमात खेळायचे आणि कुबानचे लोक या नव्या पोरांकडे, लग्नात न बोलावता आलेल्या पाहुण्याकडे बघावं तसं बघायचे.

माझे घरमालक आजोबा पक्के कुबानवाले. ट्रॅक्टर दुरुस्तीच्या कारखान्यातून निवृत्त. माग्नितमध्ये ते पाऊल टाकत नसत. चार बसथांबे पलीकडच्या बाजारातून बटाटे आणायचे, कारण 'त्या माणसाला मी एक रुबलसुद्धा देणार नाही.' आजी मागल्या दाराने माग्नितमधूनच दूध आणायची आणि पिशवी बदलायची.

मग कुबान ढासळत गेला. २०१५ ला कपची फायनल हरले, २०१६ ला लीगमधून खाली, पगार थकले, कर्ज वाढलं, २०१८ ला क्लब बंद. नव्वद वर्षांचा क्लब. आजोबा त्या दिवशी काही बोलले नाहीत. गॅलरीत बसून मुळा सोलत राहिले. सोलून सोलून मुळा संपला.

याच सुमारास त्यांचा नातू एफसी क्रास्नोदारच्या अकादमीच्या एका शाखेत जायला लागला. प्रांतभर शाखा आहेत त्यांच्या. मुलाला सोडायचं काम आजोबांकडे. फाटकापर्यंत जायचे, आत नाही. बाहेर सिगारेट ओढत दीड तास उभे.

पेठेतला_फॉरवर्ड | शुक्रवार, दुपारी १:४५

डॉक्टर, हे वाचून जेवण गेलं नाही बघा. आजोबा आपल्याच पेठेतले निघाले. पण माझा मुद्दा तुम्हीच सिद्ध केलात. नवा क्लब आला आणि जुना मेला.

कुबान_रिटर्न | शुक्रवार, दुपारी २:१०

नाही हो. कुबानला क्रास्नोदारने मारलं नाही. कुबान मेला तो आकडेमोड यांनी वर लिहिलंय त्याच आजाराने: प्रांताचा पैसा, येणारे-जाणारे गुंतवणूकदार, उधारी. आजोबा स्वतः म्हणायचे, 'आमच्या क्लबला शंभर मालक होते म्हणून एकही नव्हता.' त्यांचा राग गालित्स्कीवर नव्हता, तो त्यांच्या क्लबसाठी आला नाही यावर होता. हा फरक मला बऱ्याच उशिरा कळला.

जुना_जाणता | शुक्रवार, दुपारी ४:३३

एक नोंद. कुबान हे नाव नंतर परत आलं. २०१८ मध्येच 'उरोझाय' (पीक, सुगी) नावाने एक क्लब निघाला, त्याने २०२० मध्ये कुबान हे नाव घेतलं. म्हणजे आता गावातला 'जुना' क्लब हा 'नव्या' क्लबापेक्षा दहा वर्षांनी लहान आहे. खरा कोण, हे पेठेतल्या मंडळींनी ठरवावं.

पेठेतला_फॉरवर्ड | शुक्रवार, दुपारी ४:४०

काका, असे प्रश्न शुक्रवारी विचारू नयेत.

आकडेमोड | शुक्रवार, सायंकाळी ६:०५

अकादमीचा विषय निघाला आहे तर थोडी हवा काढतो. गालित्स्कीचं स्वप्न जाहीर आहे, अकराच्या अकरा खेळाडू स्वतःच्या अकादमीचे. ऐकायला छान. पण २०२५ चा विजेता संघ बघा: कोलंबियाचा कोर्डोबा, ब्राझीलचे दिएगो कोस्टा आणि व्हिक्टर सा, उरुग्वेचा ओलासा, अंगोलाचा बाची. आधीच्या काळात स्मोलोव (२०१५-१६ ला २० गोल, लीगमध्ये सर्वाधिक), झोआओझिन्हो, ग्रॅनक्विस्ट, क्लासन, बर्ग, काबेला. सगळे दुसरीकडून आणलेले. म्हणजे अकादमी पोस्टरवर, गोल बाहेरून.

उशिराचा_पास | शुक्रवार, सायंकाळी ६:३०

अर्धंच सांगताय. त्याच संघाचा कर्णधार एदुआर्द स्पेर्त्स्यान कोण? अकादमीचा. साफोनोव २०२४ ला २ कोटी युरोंना पॅरिसला गेल्यावर त्याच्या जागी गोलात उभा राहिलेला अगकात्सेव? अकादमीचा. कोच मुराद मुसायेव? तोही अकादमीतल्या पोरांना शिकवत वर आलेला. २०१८ ला पहिल्यांदा मुख्य संघ हातात आला तेव्हा वय ३४ आणि मोठ्या परवान्याची परीक्षासुद्धा झाली नव्हती, म्हणून कागदावर मुख्य कोच दुसराच, सर्गेई मात्वेयेव.

आणि माझा लाडका सामना: १३ ऑगस्ट २०१९, पोर्टो. चॅम्पियन्स लीगची पात्रता फेरी. घरी ०-१ हरून गेलेले. पोर्टोच्या मैदानात पहिल्या ३४ मिनिटांत ३-०! पहिला विल्हेनाचा, पुढचे दोन शापी सुलेमानोवचे. १९ वर्षांचा पोरगा, दागेस्तानातून अकादमीत आलेला. शेवटी ३-२, एकूण ३-३, पण परक्या मैदानावरचे गोल जास्त म्हणून हे पुढे. रात्री मी इतका ओरडलो की खालच्या काकूंनी सकाळी 'घरी सगळं ठीक ना' म्हणून विचारलं.

म्हापशेकर | शुक्रवार, सायंकाळी ६:४१

आणि पुढच्या फेरीत ऑलिम्पियाकोसने ०-४ ने धुतलं ते सांगितलं नाही रे.

उशिराचा_पास | शुक्रवार, सायंकाळी ६:४२

तो भाग माझ्या इथे दिसत नाही. नेटवर्क खराब आहे.

म्हापशेकर | शुक्रवार, सायंकाळी ६:५०

मस्करी सोड, पुढच्या वर्षी मात्र ग्रीसच्या पीएओकेला दोन्ही सामन्यांत २-१ हरवून पोचले चॅम्पियन्स लीगला. बारा वर्षांचा क्लब! चेल्सीने क्रास्नोदारमध्ये ४-० केलं, पण लंडनला जाऊन १-१ केली ह्यांनी. फ्रान्सच्या रेनला घरी हरवलं. गटात तिसरे. तेच वर्ष लीगमध्ये मात्र दहावे आले, मुसायेव गेला. वर बघून चालताना पायाखालचा दगड लागतो तसं.

तिरपा_कॉर्नर | शुक्रवार, रात्री ८:१५

सगळं गोड गोड चाललंय म्हणून आठवण करून देतो. २०१५ ला डॉर्टमुंडला १-० हरवलं तो गोल, दुसऱ्याच मिनिटाला पेनल्टीवर, मामायेवचा. तोच मामायेव २०१८ ला मॉस्कोत मारामारी करून तुरुंगात गेला. त्यामुळे 'संस्कारी क्लब' वगैरे जरा बेतानं. अकादमीत बुद्धिबळ शिकवतात म्हणे. मोठ्यांनाही शिकवा.

कुबान_रिटर्न | शुक्रवार, रात्री ८:४०

बुद्धिबळ खरंच शिकवतात. गालित्स्की स्वतः बुद्धिबळवेडा. मामायेवला क्लबने परत मैदानात उतरवलं नाही, तो सुटल्यावर रोस्तोवला गेला.

आणि तिरपा_कॉर्नर, त्याच २०१८ चा एक किस्सा. विश्वचषकाचा सामना आमच्या गावात नव्हता, पण स्पेनचा संघ मुक्कामाला होता, याच क्लबच्या अकादमीत. आमची परीक्षा चालू. १३ जूनला, त्यांच्या पहिल्या सामन्याच्या दोन दिवस आधी, कोच लोपेतेगीला तिथेच काढून टाकलं. सगळ्या जगाचे कॅमेरे क्रास्नोदारला! आमच्या फार्माकॉलॉजीच्या बाईंनी वर्गात येऊन सांगितलं, 'पाहिलंत, वेळेवर न सांगितलेल्या गोष्टीचे दुष्परिणाम.' (त्याने रिआल माद्रिदशी परस्पर ठरवलं होतं ना.) तो एक मुद्दा मला जन्मभर पाठ झाला.

घड्याळजी | शनिवार, सकाळी १०:१२

एवढ्या प्रतिसादांत युक्रेन युद्धाबद्दल एक अक्षर नाही? फेब्रुवारी २०२२ पासून रशियन क्लबांना युरोपात बंदी आहे. हे विजेते झाले पण चॅम्पियन्स लीग नाहीच. मग त्या कपाला किंमत काय? घरातल्या घरात पत्ते खेळून जिंकल्यासारखं.

आकडेमोड | शनिवार, सकाळी १०:५०

किंमत वेगळी, पण शून्य नाही. उलट त्या क्लबला फटका सगळ्यांत जवळून बसला. डॅनियल फार्के, जर्मन कोच, जानेवारी २०२२ मध्ये आला, हिवाळ्याची सुट्टी होती, सामना व्हायच्या आत २४ फेब्रुवारी उजाडला, युद्ध सुरू झालं. लोकोमोतिवशी ठरलेला सामना विमानतळ बंद झाल्यामुळे पुढे ढकलला. मार्चच्या सुरुवातीला फार्के एकही अधिकृत सामना न खेळवता परत. परदेशी खेळाडूंचे करार स्थगित, संघ रात्रीत रिकामा. आणि क्रास्नोदारचा विमानतळ बंद राहिला तो थेट सप्टेंबर २०२५ पर्यंत. म्हणजे विजेतेपदाच्या सबंध हंगामात लांबच्या सामन्याला आधी दुसऱ्या गावच्या विमानतळापर्यंत जायचं. त्या रिकाम्या झालेल्या संघातूनच अकादमीच्या पोरांना जागा मिळाली, हे मात्र खरं.

घड्याळजी | शनिवार, सकाळी ११:०४

ज्यांची शहरं उद्ध्वस्त झाली त्यांना विमानतळाची गैरसोय सांगू नका.

आकडेमोड | शनिवार, सकाळी ११:०९

बरोबर आहे. मी गैरसोयीचं कौतुक करत नव्हतो, पण तुमचं म्हणणं पोचलं.

व्यवस्थापक_३ | शनिवार, सकाळी ११:३०

युद्धावर स्वतंत्र धागा आहे, तिथे जरूर लिहा. इथे क्लबपुरतं ठेवू या.

म्हापशेकर | शनिवार, दुपारी १२:४५

मला छळणारी गोष्ट वेगळीच. पुणे एफसी आठवतो? स्थापना २००७. क्रास्नोदारच्या एक वर्ष आधी. खालच्या लीगमधून वर आला, २०१२-१३ ला आय-लीगमध्ये आमच्या चर्चिल ब्रदर्सच्या मागे दुसरा. आणि अकादमी अशी की गोंयच्या पोरांना तिकडे पाठवायला आई-बाप तयार. २०१५ ला सगळं गुंडाळलं. मग एफसी पुणे सिटी, तो २०१९ ला हैदराबादला गेला. आधी महिंद्रा युनायटेड, २०१० ला बंद. आपल्याकडे श्रीमंत माणसं नाहीत असं नाही बाबा. सतरा वर्षं थांबणारा माणूस नाही.

पेठेतला_फॉरवर्ड | शनिवार, दुपारी १:३०

हे पटलं. बालेवाडीला मी पुणे एफसीची मॅच बघितली होती, आमच्या पोरांनी कोल्हापूरहून गाडी केलेली. स्टँड रिकामा, पण खेळ चांगला. दुसऱ्या वेळी म्हटलं जाऊया, तर क्लबच नाही. आमच्या तालमी शंभर-शंभर वर्षं टिकल्या, पण खरं सांगू? आमचा अनिकेत जाधव २०१७ ला सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात खेळला तो बालेवाडीच्या क्रीडा प्रबोधिनीत जाऊन. पेठेने प्रेम दिलं, मैदान आणि कोच दुसऱ्याने दिला. लिहायला जड जातंय पण लिहितो.

तरीही कोण सांगतंय उद्या गालित्स्की कंटाळला तर काय? माणूस आहे तोवर क्लब. तालीम कुणा एकाची नाही म्हणून मरत नाही.

मेघना_हँबर्ग | शनिवार, दुपारी २:१८

कुबानही कुणा एकाचा नव्हता. तो मेलाच की.

पेठेतला_फॉरवर्ड | शनिवार, दुपारी २:२०

मेघनाताईंनी ऑफसाइड न होता गोल केलेला आहे. पंच, नोंद घ्या.

जुना_जाणता | शनिवार, सायंकाळी ५:००

मूळ प्रश्नाकडे येतो. धागाकर्त्याने विचारलं, इतिहास नसलेला क्लब खरा का? १९२८ ला कुबान निघाला तेव्हा त्यालाही इतिहास नव्हता, आणि सोव्हिएत काळात बहुतेक क्लब वरून हुकूम आला म्हणूनच निघाले: पोलिसांचे डायनॅमो, रेल्वेचे लोकोमोतिव, सैन्याचा सीएसकेए. कुणी पेठेतून उगवलेले नाहीत. नव्वद वर्षांनी त्यांना परंपरा म्हणतात. माझ्या मते मोजायचं असेल तर एवढंच मोजा, पराभवानंतरच्या रविवारी स्टेडियमात किती लोक येतात.

उशिराचा_पास | शनिवार, सायंकाळी ५:२५

काका, मान्य. २०१४ ला कपची फायनल पेनल्टीवर हरले, २०२३ ला पुन्हा फायनल, पुन्हा पेनल्टीवर हरले. २०१५, २०१९, २०२० ला लीगमध्ये तिसरे. २०२४ ला एका गुणाने दुसरे. एवढ्या वेळा उंबऱ्यावरून परत येणाऱ्या क्लबला इतिहास नाही असं मी लिहिलं, ते मागे घेतो. 'खिशातून निघाला' मात्र मागे घेत नाही. निघालाच आहे.

आणि ताजी बातमी, साफोनोवचा हात त्या पेनल्ट्यांच्या वेळी मोडला म्हणे. फ्रॅक्चर.

शांताबाईंचा_नातू | शनिवार, सायंकाळी ५:३१

मी काल लिफ्टच्या दारात बोट अडकलं म्हणून आज सुट्टी घेतली आहे.

मेघना_हँबर्ग | शनिवार, रात्री ९:४५

डॉक्टर, एक राहिलं. तुमचे आजोबा. त्यांनी कधी ते स्टेडियम आतून बघितलं का?

कुबान_रिटर्न | रविवार, सकाळी ८:०५

बागेत जायला लागले होते मी असतानाच. 'पाय मोकळे करायला' म्हणून. शेजारी स्टेडियम आहे हे दिसत नसल्यासारखे पाठ करून बाकावर बसायचे.

मे महिन्यात, लीग जिंकल्यावर, मी फोन केला. आजींनी उचलला. मागे फटाक्यांचा आणि हॉर्नचा आवाज. मी विचारलं, आजोबांनी मॅच बघितली का. म्हणाल्या, टीव्हीवर बघितली, पण आवाज बंद करून. मग आजोबा फोनवर आले. मी अभिनंदन म्हटलं तर म्हणाले, 'माझं कशाला, मी कुबानचा.' मग जरा थांबून, 'तो स्पेर्त्स्यान चांगला खेळतो. फक्त डाव्या पायाने अजून मारायला पाहिजे.' पुढची वीस मिनिटं डाव्या पायावरच. माझा बॅलन्स संपला.

शांताबाईंचा_नातू | रविवार, सकाळी ८:२०

आजी अजून पिशवी बदलतात का?

कुबान_रिटर्न | रविवार, सकाळी ८:२६

विचारलं होतं. हल्ली पिशवी तीच असते, आजोबा बघत नाहीत.